पार्टी बसली

नळदुर्गच्या सडकेवर शांतलिंगअप्पाचं चहाचं हॉटेल होतं, पण माणसाचा खरा धंदा तोंडी शब्दाचा. कोणत्या गावाला जत्रेसाठी तमाशा हवा, कोणती पार्टी मोकळी आहे, कोणाचा ढोलकीवाला रुसून घरी बसलाय, सगळं अप्पाला ठाऊक. ट्रकवाले चहा पिऊन त्याचे निरोप पुढं न्यायचे. तुळजापूरचा पानवाला, येडशी स्टेशनवरचा हमाल, धाराशिवचा सायकलवाला ही त्याची माणसं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, सोलापूरकडच्या पार्ट्याही इकडं येऊ लागल्या, तेव्हा तर अप्पावाचून जत्रेच्या पंचांचं पान हलेना. कागद नाही, सही नाही. पंचांनी सुपारी दिली आणि पार्टीनं घेतली की व्यवहार पक्का.

धुरपदाबाईची पार्टी त्याची लाडकी. नवरा गेल्यावर बाईनं ती एकटीनं ओढली होती. त्या माघात धाराशिवकडच्या एका गावची सुपारी तिनं घेतली, आणि ऐन दिवशी ट्रक मिळेना. पंच निरोपावर निरोप धाडत होते. दुपार कलल्यावर एकदाचा ट्रक मिळाला, माणसं चढली, पेटारे चढले. अप्पानं पुढं निघालेल्या एका ड्रायव्हरला सांगितलं, "तुळजापुरात पानवाल्याला सांग, धुरपदाबाईची पार्टी बसली."

ट्रकात बसली, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पानवाल्यानं ऐकलं ते वेगळं. सकाळपासून अडचणीच्याच बातम्या येत होत्या. धंदा बसतो तशी पार्टी बसली, असंच त्याला वाटलं. इथं ध चा मा सुद्धा झाला नाही. शब्द तोच राहिला आणि बाईचा घात झाला. पानवाल्यानं तसंच पुढं कळवलं आणि पंचांनी घाईघाईनं जवळची दुसरी पार्टी उभी केली.

दिवेलागणीला धुरपदाबाईचा ट्रक गावात शिरला, तेव्हा परक्या ढोलकीवर थाप पडलेली होती. ऐकण्यात चूक झाली, असं पंचांना म्हणता आलं असतं. पण सुपारी मोडली म्हणून गावात तोंड कसं दाखवायचं? त्यांनी उलटंच उठवलं, की तिच्या पार्टीत आता दम राहिला नाही. ज्या तोंडांनी अप्पाचे निरोप जिल्हाभर नेले, त्याच तोंडांनी हेही नेलं.

अप्पा गावोगाव फिरला. पार्टी शाबूत आहे म्हणून शपथा घेतल्या. लोक चहा पाजायचे आणि म्हणायचे, आगीशिवाय धूर निघत नाही. आयुष्यभर ज्याच्या शब्दावर जत्रा भरल्या, त्याच्या शब्दाला कुणी विचारेना. त्याला स्वतःची लाज वाटली.

चैत्राचा जत्रांचा हंगाम बाईला कोरडा गेला. तिचा सोंगाड्या सिदू हॉटेलात आला आणि खाली मान घालून म्हणाला, "अप्पा, घरी लेकरं उपाशी हायेत. कुठंतरी लावा." अप्पानं एक निरोप धाडला आणि तो चार दिवसांत कामाला लागला. मग ढोलकीवाला आला, पेटीवाला आला, नाचणाऱ्या पोरी आल्या. कुणाला नाही म्हणायचं त्याच्यानं झालं नाही. प्रत्येकाला त्यानं चांगल्या पार्टीत लावून दिलं.

शेवटी धुरपदाबाई आली. बाकावर बसली, चहा तसाच ठेवला.

"अप्पा, माझी माणसं दुसऱ्याकडं लावायला तुमचा शब्द चालतो. अन माझ्यासाठी तेवढा चालत न्हाय व्हय?"

अप्पानं गार झालेला कप उचलून आत नेला. तिच्यासाठी सांगायचं तरी कुणाकडं? उतारवयातली मालकीण कोणती पार्टी ठेवून घेते? ती बार्शीकडं बहिणीच्या घरी भांडी घासायला गेली.

पुढच्या माघात त्याच गावचे पंच हॉटेलात आले. गेल्या साली आणलेली पार्टी गावाला पसंत पडली नव्हती. त्यांनी अप्पासमोर सुपारी ठेवली.

"धुरपदाबाईला बोलवायचं हाय. पार्टी बसल्याची ती बातमी खोटी व्हती म्हणं."

अप्पानं सुपारी त्यांच्याकडं परत सरकवली.

"तवा खोटी व्हती," तो म्हणाला. "आता खरी हाय. म्याच केली."