वरच्या पाड्याचा चढ

पेठ तालुक्यातल्या खालच्या पाड्यावर सरकारी पाहणीच्या यशोदाबाई पहिल्यांदा आल्या ते साल एकोणऐंशीचं. "घरात कुणाला हगवण?" त्यांनी भागीबाईला विचारलं. आत धाकटा निपचित पडला होता. भागीबाई म्हणाली, "नाय बाई, समदी बरी हायत." पहिल्यांदा दारात आलेल्या पाहुणीला घरचं दुखणं सांगितलं, की ते घर धरून बसतं, असं मानायची रीत. साऱ्या पाड्यानं हेच उत्तर दिलं.

पुढे पाड्यात हातपंप बसला. वर्षानं यशोदाबाई त्याच घरांत पुन्हा आल्या. आता त्या परक्या नव्हत्या. नागलीची भाकर खाल्ली, पंप हापसून पाहिला. भागीबाईनं उघड सांगितलं, पावसात दोन पोरं आजारी होती. आधीपेक्षा कमी की जास्त, हे कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या खेपेला यशोदाबाईंचा चेहरा उतरला होता. "पंप आला नि आजार वाढला, असं पाहणीत निघालं गं. मधे बदललं काय, तर पंप. वरच्या पाड्याला पंप बसणार होता, तो रद्द."

वरच्या पाड्यावर भागीबाईची लेक भिमा नांदत होती. डोहाचं गढूळ पाणी भरत होती.

भागीबाई म्हणाली, "पयल्या साली आम्ही खोटं बोललो, बाई. बदललो ते आम्ही."

यशोदाबाई म्हणाल्या, "वरच्या पाड्यालाही दोन्ही वर्षी विचारायला हवं होतं. तिथंही पहिल्या वर्षी लपवलं असतं, दुसऱ्या वर्षी सांगितलं असतं; पंप नसताना तिथंही आजार वाढलेला दिसला असता. मग पंपावर आळ आला नसता."

"मग विचारलं का नाय?"

"चढ फार, म्हणून साहेबांनी तो पाडा सोडला."

"माझी लेक रोज हंडा घेऊन चढते. चला."

अर्ध्या चढावर यशोदाबाई धापा टाकत बसल्या.

"डोईवर हंडा नाय, तरी दमलात व्हय?"

"दमले. आणि उगाच आशा धरू नकोस. बोअरिंगची गाडी दुसऱ्या तालुक्यात गेली."

तरी उठल्या, चढल्या.

भिमा दारातच होती. "घरात कुणाला हगवण?" यशोदाबाईंनी विचारलं. भिमानं कडेवरचं सुकलेलं पोर पदराखाली घेतलं आणि हसून म्हणाली, "नाय बाई, समदी बरी हायत."

"भिमे, खरं सांग," भागीबाई म्हणाली.

भिमा आईकडं बघतच राहिली. ही रीत तिला आईनंच शिकवली होती.