काशिनाथांचं बदललेलं भाषण

काशिनाथ कागद कारखान्यात एकतीस वर्षं मशीनवर होते आणि त्यातली अठरा वर्षं युनियनचे सेक्रेटरी. परदेशी कागद स्वस्तात येऊ लागला तसे कारखान्यातले सोबती एकेक करून घरी बसले, ते त्यांच्या मनातून जाईना. म्हणून अडुसष्टाव्या वर्षी ते विधानसभेला अपक्ष उभे राहिले. शनवारा मोहल्ल्यातले शेजारी हसले. त्यांच्या पत्नी शांताबाई हसल्या नाहीत. सभेला त्यांच्यासोबत जाऊ लागल्या.

भाषण ठरलेलं असे. बाहेरचा माल बंद करा, युनियन मजबूत करा.

बहादरपूर गावातल्या सभेला पंचवीसेक माणसं जमली होती. लोटू नावाचा केळीवाला शेतकरी उठला. "भाऊ, माझी केळी इराणले जातात. तुम्ही त्यांचा माल बंद केला, अन् त्यांनी आपला केला, तर मी काय करू?"

काशिनाथांनी हातातला भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला.

"लोटूभाऊ," ते म्हणाले, "याचं उत्तर माझ्यापाशी नाही. मी नुसता कागदाचाच विचार करत आलो."

परतताना रिक्षात ते म्हणाले, "लोकांसमोर नाक कापलं गेलं."

"नाही गेलं," शांताबाई म्हणाल्या. "खरं बोललात. लग्नाला हो म्हणताना मी तुमच्यात हेच पाहिलं होतं."

दुसऱ्या दिवशी ते लोटूची केळी खोक्यांत भरली जातात त्या शेडवर गेले. बायका दिवसभर पाण्यात उभ्या राहून फण्या धूत होत्या. बोटांना भेगा पडलेल्या, सुट्टी मागायची सोय नाही. त्या दिवसापासून ते सभेत सांगू लागले, "माल खुशाल येऊ-जाऊ द्या. पण तो ज्यांच्या हातांतून जातो, त्यांची युनियन असू द्या. मग कागद असो की केळी."

मतं पडली सहाशे बारा. काशिनाथ हरले. निकालानंतर तिसऱ्या दिवशी शेडवर फण्या धुणारी सुलभा दोघी-तिघींना घेऊन दारात आली.

"काका, युनियन करायची तर काय लागतं?"

"आधी सात जणींच्या सह्या."

"आम्ही अकरा आहोत."

शांताबाई चहा ठेवायला आत गेल्या. पातेल्यात पाणी ओतताना त्यांना बाहेरून काशिनाथांचा आवाज आला, कारखान्याच्या गेटवर असायचा तसा खणखणीत. त्या चूल पेटवायची विसरून तो ऐकत उभ्या राहिल्या.