चार खाचांची मूठ

नाशिक रोडला गाडीत बसलो तेव्हा मांडीवरच्या पिशवीतल्या दोन वस्तू मी पुनःपुन्हा चाचपत होतो: घडीचा जुना चाकू आणि सुती दोरीने बांधलेली अपुरी पोथी. पोथी माझ्या कैलासवासी गुरुजींच्या टिपणांची. मूळ कागदांना कसर लागल्याने गेली दोन वर्षे मी ती बोरूच्या लेखणीने उतरवून काढत आहे. अकरा पाने उरली आहेत. बोरूचे टोक दर दीड-दोन पानांनी पुन्हा कापावे लागते, आणि हिवाळ्यापासून माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा आखडल्यामुळे चाकू हातात ठरेनासा झाला. मागच्या एकादशीला तो निसटला, बोट कापले आणि रक्ताचा थेंब लिहिलेल्या पानावर पडला. ते पान गोदेत विसर्जित करून आलो. दुसऱ्याने कापलेल्या बोरूने अक्षराचे वळण बदलते, आणि गुरुजींच्या पोथीत दोन हात दिसणे मला सहन होणारे नव्हते.

पुतण्या श्रीनिवास छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या एका कार्यालयात खिशातल्या लहान चाकूंसाठी मुठींचे आरेखन करतो. चाकू हातात ठरत नाही एवढे सांगताच तो फोनवर हरखून म्हणाला, "काका, याच! हाताला सुखद मूठ, हेच तर आमचं काम. तुमच्यासारखा हात आम्हाला हवाच होता."

मनमाड मागे पडले, लासूर गेले, आणि देवगिरीचा किल्ला उजाड माळातून वर आला. संभाजीनगरच्या स्थानकाबाहेर एका रिक्षावाल्याने मला पिशवी छातीशी धरलेले पाहिले.

"बैठो चाचा. सोना-बिना है क्या त्यात?"

"पोथी आहे."

"मग तर खड्डे सांभाळूनच घेतो," तो म्हणाला, आणि वाळूजपर्यंत एकही खड्डा त्याने चुकवला नाही.

रात्री श्रीनिवासाच्या घरी सूनबाईने भाकरीबरोबर येसर (भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पुडीची आमटी) वाढले. त्या दोन दिवसांत मला निर्विवाद सुखद वाटलेली वाळूजमधली ती पहिली गोष्ट, आणि शेवटचीही.

सकाळी कार्यालयात गेलो. बाहेर पहिल्या पाळीची माणसे बसमधून उतरून कारखान्यांकडे चालली होती; आत गारठवलेल्या खोलीत लांब मेजावर लाकडाच्या, रबराच्या, धातूच्या मुठी मांडल्या होत्या. प्रणव नावाचा तरुण तेथील प्रमुख. त्याने माझ्यापुढे करड्या मातीचा गोळा ठेवला.

"काका, घट्ट आवळा. एकदम घट्ट."

मी आवळला. अंगठ्यातून कळ गेली. माझ्या आधी कित्येकांच्या मुठी त्यांनी अशाच मातीत घेतल्या होत्या आणि सर्वांचा मध्य काढून एक हात सिद्ध केला होता. तो हात त्या इमारतीत एकाचाही नव्हता. पण मूठ त्याच्यासाठी घडली होती. तिला बोटे बसवायला चार खाचा होत्या. माझी तीन बोटे बसली, चौथे उंचवट्यावर राहिले.

"करंगळी बाहेर राहते," मी म्हणालो.

"थोडी आत घ्या ना, काका."

"ती सत्तर वर्षे तेथेच आहे."

मंडळी हसली. श्रीनिवास मात्र जमिनीकडे पाहू लागला.

"सवय होते हो," प्रणव म्हणाला.

म्हणजे हाताला सुख व्हावे म्हणून मूठ, आणि मुठीला अडचण नको म्हणून हाताने नवी सवय लावून घ्यावी! व्याकरणात क्रिया करणारा तो कर्ता आणि त्याचे साधन ते करण, हा भेद आम्ही बालपणी शिकलो. येथे करणालाच कर्ता व्हायचे होते. शिवाय ते सर्वजण चाकू असा धरत होते की जणू युद्धाला निघाले आहेत. बोरू कापताना अंगठा पात्याच्या पाठीवर येतो, बोटे क्षणोक्षणी पुढेमागे सरकतात. खाचांत अडकलेली बोटे सरकणार कशी?

दुपारी कुणाचा तरी वाढदिवस निघाला. केक आला, आणि त्याच्या खोक्यातच आलेल्या प्लास्टिकच्या सुरीने तो कापला गेला. फळे डब्यात चिरूनच आली होती, टोचायला काड्यांसह. चाकूंच्या मुठींचा दिवसभर ऊहापोह करणाऱ्या त्या मंडळींत एकानेही चाकूने काही कापलेले मला दिसले नाही. न राहवून मी पिशवीतून एक बोरू काढून प्रणवच्या हाती दिला.

"त्या मुठीने एवढे टोक काढून दाखवा."

बोरू उभा चिरला.

"हे मटेरियल आमच्या टार्गेटमध्ये नाही, काका," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी चार खाचांचा चाकू मखमली डबीत घालून मला भेट दिला. नम्रतेने दिला, हे नमूद करतो. श्रीनिवास स्थानकावर मला सोडायला आला. "चुकलंच का हो, काका, काही?" असे त्याने विचारले. घरी पोचून पत्र लिहितो, एवढे म्हणालो. अकरा पाने डोळ्यांपुढे होती.

परतीच्या पॅसेंजरमध्ये दौलताबादला एक बाई जांबांची (पेरूंची) पाटी घेऊन चढल्या आणि माझ्यासमोरच खाली बसल्या. त्यांच्या चाकूच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली होती. माझ्या हातातली उघडी डबी पाहून त्यांना राहवेना.

"अगं बया! डबीत चाकू? नवरीला द्यायचा हाय का, बाबा?"

"आरामाची मूठ आहे म्हणतात. पाहा बरे."

त्यांनी दोन जांब कापले आणि चाकू परत केला. "चिकणा लई हाय. पण बोटं बसली की उठंनातच. जांब फिरवत कापावा लागतो, अन ही फिरूच देईना." मग सहज विचारले, "तुम्ही काय कापता?"

दोन दिवसांत हा प्रश्न मला एकानेही विचारला नव्हता.

बोरू आणि जुना चाकू काढून मी कापण्याची रीत दाखवली, आखडलेला अंगठाही दाखवला. त्या मान तिरकी करून पाहत राहिल्या.

"मूठ लई बारीक हाय. बारीक म्हणून आवळता, आवळलं की अंगठा बोंबलतो. जाड करा, सैल धरता येईल."

"आपल्यासारखी ट्यूब लावू?"

"नाय वो. माझं वल्लं काम, म्हणून टूब. तुमचं कोरडं. दोरी बास. हाय का?"

दोरी एकच होती. गुरुजींच्या हयातीत त्यांच्या टिपणांना होती, ती आता पोथीला होती. मी ती सोडली आणि त्यांच्यापुढे धरली.

"देवाची हाय का?" त्यांनी विचारले.

"पोथीची."

"मग राहू द्या. घरी गेल्यावर दुसरी बांधा."

"नको. पोथी पुरी व्हावी यासाठीच ती आहे."

त्यांनी न सांगता बाटलीतल्या पाण्याने खिडकीबाहेर हात धुतले, पदराला पुसले, आणि मगच दोरीला स्पर्श केला. मागे दाट, पुढे विरळ असे वेढे घेत म्हणाल्या, "फुडं बोट सरकायला जागा ठिवली बघा." गाठ दातांनी नव्हे, नखांनी आवळली. लासूर आले. पाटी डोक्यावर घेऊन उतरताना त्या वळल्या.

"बाबा, ती डबी टाकू नका हां! हळदी-कुंकवाला लई झ्याक हाय!"

पंचवटीला परतल्यावर दुसऱ्या दिवशी स्नान-संध्या आटोपून बोरू कापायला घेतला. अंगठा दुखला, पण चाकू निसटला नाही. पाहता पाहता चार पाने झाली. त्याच बोरूने श्रीनिवासाला पत्र लिहिले. त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यात एका ओळीचे आहे: हात मोजण्याआधी, तो काय कापतो एवढे विचारत जा.

डबीत कुंकू भरून ती देवघरात ठेवली आहे. पोथीला आता दोरी नाही, आणि गोदेवरचा वारा सुटी पाने उडवतो. म्हणून त्यांच्यावर वाळूजचा चाकू ठेवतो. वजन त्याला उत्तम आहे, आणि त्या कामात कुणाची करंगळी त्याच्या आड येत नाही.