माझ्यात कमी असलेलं विकर

एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात समोरच्या तरुणीनं बिअरचा घोट घेतला आणि तिचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. सगळे हसले. मी नुसता बघत राहिलो, कारण माझंही एकदा असंच झालं होतं.

कॉलेजात असताना दादानं मला पहिल्यांदा पाजली, तेव्हा अर्ध्या ग्लासातच चेहरा लाल झाला, छाती धडधडली, उलटी झाली. मी पुन्हा ग्लासाला हात लावला नाही. दादा मात्र कितीही प्यायला तरी सरळ चालत घरी यायचा. त्याला कधी काही झालंच नाही, यकृत निकामी होईपर्यंत.

तो दवाखान्यात असताना मी डॉक्टरांना माझ्याबद्दल सहज विचारलं. ते म्हणाले, "शरीरात दारूचं आधी एक विष तयार होतं. ते मोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, तुमच्यात जन्मापासून कमी असणार. तुमच्या भावात ते पुरेसं असेल, म्हणून त्यांना पिणं जमलं."

दादा गेला. महिनाभरानं आम्ही जेवायला बसलो असताना आई मावशीला म्हणाली, "दोघं एकाच घरात वाढले, पण ह्यानं मनावर ताबा ठेवला." वहिनी वाढत होती. तिचा हात थांबला.

'आई, ताबा कसला, मला दारू सोसतच नव्हती,' एवढंच म्हणायचं होतं. मी भात कालवत राहिलो. रडू आलं नाही, लाजही वाटली नाही.

"आमटी वाढू का, भाऊजी?" वहिनीनं विचारलं.

मी वाटी पुढे केली.