शिशाच्या गोळ्या
रेशमी धाग्याची नवी लड उघडली की त्या वासासरशी मला परदेशातल्या पोर्टलीश गावातली लॉकडाउनची एक दुपार आठवते. घरात बसून काहीतरी शिकावं म्हणून मी जपानी पद्धतीचा गोफ विणायचा गोल लाकडी स्टँड कुणाकडून तरी जुना विकत घेतला होता. धागे ताणलेले राहावेत म्हणून त्याच्या लाकडी रिळांत शिसं भरलेलं असतं. मी चहा टाकायला उठले आणि परत येऊन बघते तर एक रीळ फुटलेलं, करड्या बारीक गोळ्या जमिनीवर पसरलेल्या आणि त्यांच्यामध्ये माझी चार वर्षांची लेक. "खाल्ल्यास का? सांग, गिळल्यास?" मी ओरडले. ती म्हणाली, "येस." मी तिला तशीच उचलली आणि आम्ही गाडीनं हॉस्पिटल गाठलं. हॉस्पिटलात एकालाच आत सोडत होते, त्यामुळे नवरा बाहेर पावसातच उभा राहिला. एक्स-रे होईपर्यंत मी देवाला काय काय बोलले, ते आता सांगताही येणार नाही. शेवटी डॉक्टर आल्या. त्या नागपूरच्या निघाल्या. "पोटात काहीच नाही हो, एकही गोळी नाही," त्या म्हणाल्या. गाडीत मी लेकीला विचारलं, "मग हो का म्हणालीस?" ती म्हणाली, "यू वेअर शाउटिंग, आई. आय थॉट यू वॉन्टेड येस." तेव्हा मला पुन्हा भीती वाटली, या वेळी स्वतःचीच. लेक आता मोठी झालीय, पण तिला काही विचारायचं असलं की मी आधी तिच्या शेजारी जाऊन बसते.