सुप्रभाचे बूट

सुप्रभा एकटीच डोंगर चढायला निघाली तेव्हा मी तिच्यावर चांगलीच रुसले होते. साठी उलटलेली, लंडनजवळच्या वॉटफर्डच्या शाळेच्या किचनमधून रिटायर झालेली बाई, आणि म्हणे यॉर्कचं कॅथीड्रल बघणार, मग उत्तरेकडच्या डोंगर-तळ्यांच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये चालणार. तेही ट्रेन आणि बसने.

"तुला नकाशातलं कळतं तरी का?" मी विचारलं.

"शिकेन की," ती म्हणाली.

लग्न झाल्यापासून ती नवऱ्याच्या मागून चालली. कमलाकरराव नकाशा गळ्यात अडकवून पुढे, ही मागे. कुठल्या डोंगराचं विचाराल तर हिला त्यांच्या पाठीवरची सॅक तेवढी आठवायची. ते गेले आणि हिने चालायचंच सोडलं. मुलगा अनिश साउथहॅम्प्टनला डॉक्टर. आईने घर विकून आपल्याकडे यावं असा त्याचा हट्ट होता, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं. सुप्रभा मात्र घर सोडायला तयार नव्हती. शेवटी मायलेकांचं ठरलं. ही ट्रिप तिने काही भानगड न होता एकटीने पार पाडली, तर घराचा विषय बंद. नाहीतर घर विकायचं. अनिशने तर एजंटला शनिवारी घर बघायला बोलावूनही ठेवलं होतं. पोरगा बापावर गेलाय, सगळं आधीच ठरवून मोकळा.

शेजारीण म्हणून तिच्या कुंड्यांना पाणी घालायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गुरुवारी दुपारी मी तिच्या किचनमध्ये बडबडत तेच करत होते, तेवढ्यात तिच्या घरचा फोन वाजला.

पलीकडे कुणी इंग्लिश बाई होती. आवाज फार मऊ, वाईट बातमी सांगताना असतो तसा. ती आणि तिचा नवरा लेक डिस्ट्रिक्टमध्येच केझिकजवळच्या कॅसलरिगला गेले होते, तिथलं ते हजारो वर्षांपूर्वीचं दगडांचं रिंगण बघायला. फाटकाशी त्यांना चालायचे बूट दिसले, शेजारी काठी. बुटांच्या आत हा फोन नंबर लिहिलेला. धुकं उतरलंय, हाका मारल्या, कुणी ओ देत नाही. पोलिसांना कळवू का, असं ती विचारत होती.

घसरली असेल, चक्कर आली असेल, त्याहून वाईटही मनात आलं. नवरा गेल्यापासून ही कधी धड रडलीसुद्धा नव्हती.

"बूट कसे आहेत?" मी कसंबसं विचारलं.

"अगदी नीट. जोडीने ठेवलेत. मोजे आत खोचलेत."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जोडीने, फाटकाबाहेर, मोजे आत खोचून. अगं बाई, ही तर देवळात गेलीये!

"रिंगणाच्या आत बघा," मी त्या बाईला म्हटलं. "मोठ्या दगडांच्या मागे बघा. ती बसलेली असेल."

दर्शन झाल्यावर क्षणभर टेकल्याशिवाय सुप्रभा कधी देवळातून निघाली नाही. मी फोन कानाला घट्ट धरून बसले. गवतातली पावलं ऐकू येत होती, मग काहीच नाही, आणि मग ती बाई हसली.

"सापडल्या. झोपल्या होत्या."

मी देवाचं नाव घेतलं आणि ढसाढसा रडले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. तेवढ्यात फोनवर सुप्रभा आली, आणि माझा राग परत उफाळून आला.

"बूट कशाला काढलेस?"

"अगं, एवढे दगड कुणी उगाच उभे करेल का? काहीतरी श्रद्धा असणारच. बूट घालून कशी जाऊ आत? प्रदक्षिणा घातली, टेकले, डोळा लागला."

"आणि खाली मेंढ्यांच्या लेंड्या!"

"पाय धुता येतात, शैला."

"आता मुकाट्याने घरी ये."

ती म्हणाली, "सकाळी कॅटबेल्सचा डोंगर चढले. वाट चुकले होते. खाली बसले, नकाशा मांडीवर घेतला आणि माझी मीच शोधून काढली. वर पोचल्यावर खूप रडले गं. बरं वाटलं." आणि मग हळूच, "अनिशला सांगणार आहेस?"

"माझं डोकं फिरलंय, आत्ता काही विचारू नकोस," म्हणून मी फोन ठेवला.

संध्याकाळी अनिशचा मला फोन आला. "मावशी, आईची काही न्यूज? एव्हरीथिंग ओके?"

"मजेत आहे. कॅटबेल्स चढली. तू त्या एजंटला फोन कर आणि शनिवारी येऊ नको म्हणून सांग."

"का? काय झालं?"

"काही झालं नाही," मी म्हटलं. "म्हणूनच."