कार्डावरचं हवामान

लालबागच्या आमच्या चाळीत मला 'विमानवाली' म्हणायचे. फुकटचा मान! परळच्या एका ऑफिसात आम्ही तिघी फोन घ्यायचो, एवढंच. कंपनीची विमानं दोन, तीही छोटी, आडगावांना जाणारी. त्यातलं एक कोकणात माझ्या मावशीच्या गावाजवळ उतरायचं.

तिकिटं कमी खपली की विमान उडवायचंच नाही, ही तिथली रीत. पण प्रवाशाला तसं सांगायचं नाही. समोर कार्ड चिकटवलेलं: 'खराब हवामानामुळे दोन तास उशीर.' दोन तासांनी पुन्हा तेच वाचायचं, माणूस कंटाळून घरी जाईपर्यंत. निर्लज्जपणाची हद्द! आणि ते वाचणारी मी.

मावशीच्या यजमानांना, काकांना, हृदयाच्या ऑपरेशनसाठी परळच्या हॉस्पिटलात खाट मिळाली होती. किती महिने वाट बघून! सकाळी आठला हजर व्हायचं, नाहीतर खाट दुसऱ्याला. त्यांचं रेल्वेचं तिकीट होतं. ते मीच रद्द करायला लावलं. मोठी शहाणी ना मी! म्हटलं, आदल्या दिवशी आमच्या विमानाने या, तासाभरात पोचाल.

त्या दिवशी स्क्रीनवर सातच नावं. मी काय समजायचं ते समजले. आमचे मोबाइल लॉकरमध्ये असायचे, म्हणून अकराला मावशीने विमानतळावरून कंपनीच्याच नंबरवर फोन लावला. नेमका मीच उचलला. मागे सुपरवायझर उभी, कॉल रेकॉर्ड होतोय. मी कार्ड वाचलं. एकला पुन्हा वाचलं. स्वतःच्या मावशीला!

तीनला ती म्हणाली, "चेडवा, हयसर आभाळ कोरा आसा गो. तू माका खरा सांग, इमान येतला काय नाय?"

"नाही येणार. गाडी करा आणि आत्ताच्या आत्ता निघा."

"वेड लागलंय का तुला?" सुपरवायझर ओरडली. मी हेडफोन आपटला. गेली ती नोकरी, खड्ड्यात जावो.

गाडी मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. काकांना बसवत नव्हतं, सारखं थांबावं लागलं. परळला पोचले तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळचे दहा वाजून गेले होते. खाट दुसऱ्याला दिलेली. पुढच्या तारखेपर्यंत काका राहिले नाहीत.

कंपनीचं नाव काढलं की अजून डोकं फिरतं माझं. पण मावशी चाळीत आली की सगळ्यांना सांगते, "आमच्या चेडवान खरा सांगल्यान, म्हणान मुंबय तरी गाठलंव." अकराला आणि एकलाही फोनवर मीच होते, हे तिला चांगलं ठाऊक आहे. त्यावरून एकदा तरी कडाकडा भांडायला हवं होतं तिने माझ्याशी.